पुराच्या बोटीला कितीचा पंखा?

जुलै २०२२ मध्ये वसमत तालुक्यातल्या कुरुंद्यात पुराचे पाणी थेट घरांत शिरले. हळद, कापूस, सोयाबीन आणि उसाच्या या मुलखात एरवी कोणाला बोटीची आठवण यायचे कारण नाही. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारी गावे पावसाळ्यात बोटीची वाट पाहतील, हे तर कोणाच्या ध्यानीमनीही नसते. पण पूर्णा या भागातून वाहते, तिच्यावर वरच्या अंगाला येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणे आहेत आणि आसना इथूनच नांदेडच्या दिशेने गोदावरीला भेटायला जाते. सप्टेंबर २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत हिंगोली, परभणी आणि नांदेड जिल्ह्यांना अतिवृष्टीने पुन्हा झोडपले. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन पुण्याजवळ सुदुंबरे इथे असते, राज्याच्या दलाच्या तुकड्या धुळ्याला आणि नागपूरला. रस्ते पाण्याखाली असताना यांपैकी कुठूनही वसमतला यायला कित्येक तास लागतात. तोवर भिस्त हाताशी असलेल्या बोटीवर.

ही बोट बहुतेक वेळा हवा भरलेली रबरी असते आणि तिच्या मागच्या फळीला बाहेरून टांगलेले इंजिन असते. जवानांच्या भाषेत ओबीएम, म्हणजे आउटबोर्ड मोटर. खरेदीच्या वेळी सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच: इंजिन किती हॉर्सपॉवरचे? पंचवीस, तीस, चाळीस असे उत्तर मिळाले की समाधान होते. इंजिनाच्या खाली, पाण्यात बुडालेल्या सव्वा वितीच्या पंख्याबद्दल फारसे कोणी विचारत नाही. तो खोक्यातून इंजिनासोबतच आलेला असतो, तोच बसवतात आणि झिजेपर्यंत तोच राहतो. खरी मेख मात्र तिथेच आहे. चाळीस हॉर्सपॉवरपैकी किती ताकद पाण्याला लागणार आणि किती नुसती फेस काढण्यात जाणार, हे हा पंखा ठरवतो.

पंख्याच्या बुडख्यावर किंवा पात्यावर दोन आकडे कोरलेले असतात. उदाहरणार्थ, ११ × १३. दोन्ही इंचांत. पहिला आकडा व्यासाचा: पात्यांची टोके फिरताना जे वर्तुळ काढतात, त्याची रुंदी. दुसरा आकडा पिचचा, आणि निवडीचा सगळा खेळ मुख्यतः या दुसऱ्या आकड्यावर चालतो. पाणी जागचे अजिबात हलले नसते, तर एका पूर्ण फेऱ्यात पंखा जितके इंच पुढे गेला असता, ते त्याचे पिच. तेरा पिचचा पंखा एका फेऱ्यात तेरा इंच, म्हणजे सुमारे तेहतीस सेंटीमीटर पुढे जायला बघतो. नऊ पिचचा तेवीस सेंटीमीटर.

‘जायला बघतो’ असे म्हणायचे कारण पाणी जागचे हलते. पात्याने मागे रेटले की ते मागे सरकते, आणि तितके पुढे जाणे हुकते. या तुटीला स्लिप म्हणतात. हलक्या, वेगाने पाण्यावर उचलल्या जाणाऱ्या बोटीत ती दहा-वीस टक्के असते. माणसांनी भरलेल्या, पाण्यात रुतून चालणाऱ्या बोटीत ती चाळीस-पन्नास टक्क्यांवरही जाते. स्लिप शून्य व्हावी असे वाटणे साहजिक आहे, पण तसे होत नसते आणि होऊही नये. पाणी मागे ढकलले गेल्याशिवाय बोटीला पुढचा रेटा मिळतच नाही.

आता ट्रॅक्टरकडे वळू. ऊस भरलेली ट्रॉली चढावर ओढायची असेल तर ड्रायव्हर खालचा गिअर टाकतो. वरच्या गिअरमध्ये तेच इंजिन घुसमटते, काळा धूर सोडते आणि बंद पडते. आउटबोर्ड इंजिनाला पुढे, न्यूट्रल आणि मागे एवढेच असते. वरचा-खालचा गिअर नसतो. तो गिअर म्हणजे पंख्याचे पिच. जास्त पिच हा वरचा गिअर, कमी पिच हा खालचा. फरक इतकाच की हा गिअर चालता-चालता बदलता येत नाही. तो किनाऱ्यावरच, नट सोडून, आधी ठरवून बसवावा लागतो.

इंजिनासोबत येणारा पंखा कंपनीने मधल्या मापाचा दिलेला असतो. ताणाचा फार विचार न करता, सर्वसाधारण बोटीत, सर्वसाधारण वजनावर बरा चालेल असा. दोन माणसे आणि इंधनाची टाकी घेऊन धरणावर केलेल्या चाचणीत तो झकास धावतो. पूर आला की त्याच बोटीत दोन जवान, आठ गावकरी, एखादी म्हातारी खाटेसकट, वर गाठोडी. दहा माणसांचे साडेसहाशे किलो तरी धरा. बोट खोल बसते, नाक वर येते, थ्रॉटल पूर्ण पिळला तरी इंजिनाचा आवाज जड आणि घोगरा राहतो. उभ्या प्रवाहात तर ती जागेवरच लटकल्यासारखी होते. अशा वेळी दोष इंजिनाला दिला जातो. ‘चाळीसचे कमी पडते, साठचे पाहिजे होते,’ असा निष्कर्ष निघतो. पुष्कळदा तो चुकीचा असतो. चाळीसचे चाळीस कामाला लागलेलेच नसतात.

याचा पुरावा मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांत सापडतो. प्रत्येक इंजिनाच्या पुस्तिकेत पूर्ण थ्रॉटलवर इंजिनाने किती फेरे घ्यावेत याची मर्यादा छापलेली असते. टू-स्ट्रोक इंजिनांत ती बहुधा ४,५०० ते ५,५००, फोर-स्ट्रोकमध्ये बहुधा ५,००० ते ६,०००. छापील हॉर्सपॉवर या पट्ट्यातच मिळते. पिच जास्त असेल तर इंजिन तिथवर पोचतच नाही. ताण घेऊन कमी फेऱ्यांवर रखडत चालते, पिस्टनवर कार्बन धरतो, इंजिन तापते आणि आयुष्य घटते. पिच फारच कमी असेल तर उलटे: इंजिन मर्यादेच्या वर किंचाळत जाते, आणि तेही त्याला तितकेच घातक.

एक उदाहरण मांडून पाहू. समजा, चाळीस हॉर्सपॉवरचे टू-स्ट्रोक इंजिन आहे, मर्यादा ४,५०० ते ५,५००, आणि आतल्या दातेरी चक्रांमुळे इंजिनाच्या दोन फेऱ्यांना पंख्याचा एक फेरा होतो. पंखा तेरा पिचचा. पूर्ण भार घालून, पूर्ण थ्रॉटलवर मीटर ४,३०० दाखवतो. म्हणजे पंखा मिनिटाला २,१५० फेरे घेतोय आणि हिशेबाने ताशी साडेबेचाळीस किलोमीटरने जायला हवा. मोबाइलच्या जीपीएसवर मात्र वेग दिसतो १७. स्लिप साठ टक्के! इंजिन रखडतेय आणि पाणी नुसते घुसळले जातेय.

ढोबळ नियम असा की पिच एक इंचाने कमी केले की इंजिनाचे फेरे दीडशे ते दोनशेने वाढतात. भरल्या बोटीत ५,००० फेरे हवे असतील तर सातशेची वाढ पाहिजे, म्हणजे चारेक इंच पिच उतरवले पाहिजे. तेराच्या जागी नऊ. आता पंखा मिनिटाला २,५०० फेरे घेईल, हिशेबाचा वेग ताशी चौतीस किलोमीटरवर येईल. कागदावर हा पंखा आधीच्यापेक्षा हळू आहे. पाण्यात मात्र तो वीसच्या आसपास वेग देऊ शकतो, कारण इंजिन आपल्या ताकदीच्या पट्ट्यात आले. सतरा आणि वीस यांत तीनच किलोमीटरचा फरक दिसतो खरा. पण पुराचे पाणी सेकंदाला तीन मीटरने वाहत असेल तर त्याचा वेग ताशी जवळपास अकरा किलोमीटर होतो. प्रवाहाच्या विरुद्ध जाताना पहिल्या बोटीच्या हाती सहा उरतात, दुसरीच्या नऊ. त्याच अंतराला तिला दोन-तृतीयांश वेळ पुरतो.

या बदलाची किंमतही आहे. रिकामी बोट परत नेताना नऊचा पंखा सहज ५,५०० ओलांडू पाहतो. तेव्हा थ्रॉटल आवरायला हवा, आणि हे चालवणाऱ्याला आधी सांगितलेले असायला हवे. वेगाची शर्यत लावणाऱ्याला हा पंखा आवडणार नाही. मासेमाराला, वाळवंटाच्या कडेने सावकाश फेरी मारणाऱ्याला किंवा पूरग्रस्तांना उचलणाऱ्याला तो चालतो.

थोडा इतिहासही इथे कामाचा आहे, कारण पंख्याचे माप आकडेमोडीपेक्षा पाण्यातच कळते हे जहाजवाल्यांना पहिल्याच धड्यात कळले होते. फ्रान्सिस पेटिट स्मिथ हा इंग्लंडमधला शेतकरी. १८३६ मध्ये त्याने स्क्रू प्रोपेलरचे पेटंट घेतले आणि त्याच वर्षी लंडनमधल्या कालव्यात छोटी बोट उतरवली. त्याचा लाकडी स्क्रू दोन पूर्ण वेढ्यांचा, लांबलचक होता. चाचणीत तो कशाला तरी आदळला आणि अर्धा तुटला. बोट थांबण्याऐवजी आधीपेक्षा जोरात पळू लागली! स्मिथने मग एकाच वेढ्याचा स्क्रू केला. १८४५ च्या एप्रिलमध्ये ब्रिटिश नौदलाने पंख्याचे ‘रॅटलर’ आणि चाकांचे ‘अ‍ॅलेक्टो’ ही दोन साधारण सारख्या ताकदीची जहाजे पाठीला पाठ लावून दोरखंडाने बांधली. रॅटलरने अ‍ॅलेक्टोला उलट्या दिशेने दोन नॉटहून अधिक वेगाने ओढत नेले. चाकांच्या जहाजांचे दिवस तिथून भरत आले.

पन्नासेक वर्षांनी चार्ल्स पार्सन्सच्या ‘टर्बिनिया’ची कथा याच्या उलट टोकाची. १८९४ मध्ये पाण्यात उतरलेल्या या जहाजात वाफेचे टर्बाइन होते, ताकद उदंड होती, आणि वेग मात्र येत नव्हता. पंखा इतक्या जोराने फिरे की पात्यामागचा दाब घसरून पाण्याचीच वाफ होई आणि पाते बुडबुड्यांत फिरत राही. पार्सन्सने तो प्रकार समजून घ्यायला पाण्याची खास टाकी बांधली, टर्बाइनची रचना बदलली आणि एका दांड्याऐवजी तीन दांडे, प्रत्येकावर तीन असे नऊ पंखे बसवले. १८९७ मध्ये ‘टर्बिनिया’ चौतीस नॉटपर्यंत पोचली, म्हणजे ताशी साठ किलोमीटरच्या वर.

पात्यामागे पाण्याची वाफ होण्याच्या या प्रकाराला कॅव्हिटेशन म्हणतात. छोट्या बोटींवर लोक ज्याला सर्रास कॅव्हिटेशन म्हणतात, तो मात्र बहुधा वेगळाच प्रकार असतो: वरची हवा पंख्यात ओढली जाणे, व्हेंटिलेशन. वळणावर किंवा लाटेवर इंजिन एकदम मोकळे ओरडते आणि बोटीचा जोर जातो, ते हे. त्याचे मूळ बहुतेक वेळा इंजिनाच्या उंचीत असते. पंख्याच्या वर एक आडवी पट्टी असते. ती बोटीच्या तळाच्या रेषेत किंवा जेमतेम दोन-तीन सेंटीमीटर वर असावी. आखूड दांड्याचे इंजिन सुमारे पंधरा इंचांच्या फळीसाठी असते, लांब दांड्याचे वीस इंचांच्या. जुनी बोट आणि नवे इंजिन वेगवेगळ्या खरेदीतून आले की ही मापे हमखास चुकतात, आणि मग पंख्यामागून पंखे बदलूनही उपयोग होत नाही. त्यामुळे पंखा विकत घेण्याआधी टेपने फळी मोजणे शहाणपणाचे. त्याला पैसे पडत नाहीत.

पाती तीन की चार? छोट्या आउटबोर्डवर तीन पात्यांचा पंखा सर्वांत जास्त दिसतो. तो स्वस्त आणि वेगाला बरा. चार पात्यांचा पंखा वरचा वेग थोडा कमी करतो, पण जड बोट हळू चालवताना पाणी घट्ट धरतो, वळणावर कमी सुटतो, थरथरही कमी. बचावकामाला तो अधिक सोयीचा, मिळाला तर. त्याच व्यासात तिनाचे चार करताना मात्र पिच एखाद्या इंचाने उतरवावे लागते, कारण जादा पाते इंजिनावर जादा ओझे टाकते.

धातूच्या बाबतीत दुकानदार स्टेनलेस स्टीलची शिफारस करतील. ते अ‍ॅल्युमिनियमपेक्षा अनेक पटींनी मजबूत असते, त्यामुळे पाते पातळ करता येते आणि ते ताणाखाली वाकत नाही. स्वच्छ, खोल पाण्यात ते सरस. कुरुंद्यासारख्या ठिकाणी पुराचे पाणी जिथून जाते तिथे मात्र खाली काय काय असते याचा विचार करा: बांध, दगड, विहिरीचे कठडे, कुंपणाची तार, पऱ्हाट्या, उसाचे पाचट, ठिबकच्या नळ्या, स्प्रिंकलरचे पाइप. अशा पाण्यात पंखा कधी ना कधी आपटणार हे धरूनच चालावे. अ‍ॅल्युमिनियमचे पाते वाकते, तुटते, आणि तुटताना आतली महागडी चक्रे वाचवते. स्टेनलेसचे पाते स्वतः टिकते आणि धक्का आत पाठवते. म्हणूनच बहुतेक पंख्यांच्या गाभ्यात रबरी बुश बसवलेला असतो, जो जबर धक्क्याला घसरतो. अगदी लहान इंजिनांत त्याऐवजी मऊ धातूची पिन असते, ती तुटते. मराठवाड्याच्या पुरासाठी अ‍ॅल्युमिनियमच बरे. स्वस्त असल्याने एकाच्या जागी दोन घेता येतात, हा त्याचा मोठाच गुण.

तारेपेक्षाही लबाड असते ती नायलॉनची दोरी आणि मासे धरायचे जाळे. सिद्धेश्वर, येलदरीसारख्या जलाशयांत मासेमारीची जाळी असतात. जाळ्याचा तंगूस पंख्यामागे दांड्याला गुंडाळला गेला तर बोट चालत राहते, पण तो हळूहळू तेलाचे सील कापतो आणि गिअरच्या तेलात पाणी शिरते. तेल दुधासारखे पांढरट झाले की समजावे. प्रत्येक कामगिरीनंतर पंखा काढून दांड्यावर नजर टाकायला दहा मिनिटे पुरतात.

पुराच्या पाण्यात बोटीच्या आसपास माणसे असतात, आणि फिरणारे पाते हे त्यांच्यासाठी हत्यारच आहे. यासाठी पंख्याभोवती कडे किंवा जाळी बसवतात. त्याने वेग घटतो, मागे घेताना बोट जरा हट्टी होते, इंजिनावरचा भारही बदलतो. तरीही बचावबोटीला ते असावे, आणि पंख्याचे पिच ठरवताना चाचणी त्या कड्यासकटच घ्यावी. आधी पंखा निवडून मागाहून कडे बसवले तर सगळा हिशेब पुन्हा करावा लागतो. कडे असो वा नसो, पाण्यातल्या माणसाजवळ पोचताना इंजिन न्यूट्रलमध्ये, आणि त्याला वर घेताना बंद.

उंचीचाही थोडा वाटा असतो. समुद्रसपाटीपासून दर तीनशे मीटरला इंजिनाची ताकद साधारण तीन टक्क्यांनी घटते. वसमत परिसरात हा फटका चारेक टक्क्यांचाच, त्यामुळे त्यासाठी वेगळा पंखा नको. महाबळेश्वरच्या उंचीवर तो बारा-तेरा टक्क्यांवर जातो आणि तिथे पिच एखाद-दोन इंचाने उतरवणे रास्त ठरते. मुंबईच्या किनाऱ्यावर उत्तम चाललेला पंखा घाटमाथ्यावर तसाच चालेल, असे धरून चालू नये.

मग वसमतमध्ये एखाद्या नगर परिषदेला, साखर कारखान्याला किंवा तरुण मंडळाला बोट घ्यायची असेल तर करायचे काय? चाचणी एप्रिल-मेमध्ये, जलसंपदा विभागाच्या परवानगीने जलाशयात. बोटीत माणसे कोंबायची गरज नाही; पाणी भरलेले कॅन किंवा वाळूच्या गोण्या ठेवाव्यात, बोटीच्या पाटीवर छापलेल्या भारमर्यादेपर्यंत आणि त्यापुढे एक किलोही नाही. ८ ऑगस्ट २०१९ ला सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळ इथे गावकऱ्यांनी खच्चून भरलेली बोट कृष्णेच्या पुरात उलटली आणि अनेकांचे जीव गेले. जादा माणसे पेलणारा पंखा कुठल्याच दुकानात मिळत नाही.

इंजिनावर फेरे मोजायचे मीटर नसेल तर प्लगच्या वायरीला गुंडाळायचा छोटा मीटर स्वस्तात येतो. वारा नसताना, एकदा एका दिशेने आणि एकदा उलट, पूर्ण थ्रॉटलवर धावून फेरे आणि वेग लिहून घ्यायचा. दोन वेगांची सरासरी काढली की वाहते पाणी आणि वारा यांचा परिणाम बऱ्यापैकी गळून जातो. पट्ट्याच्या खाली राहिलात तर पिच उतरवा, वर गेलात तर चढवा. पट्ट्याच्या मधोमध किंवा मध्याच्या किंचित वर येईल तो पंखा आपला. दुकानदाराला सांगताना इंजिनाचे मॉडेल, दांड्यावरच्या खाचांची संख्या आणि सध्याच्या पंख्यावरचे दोन्ही आकडे सांगावेत, कारण एका कंपनीचा पंखा दुसऱ्या कंपनीच्या दांड्यावर बसेलच असे नाही.

बदलताना प्लगच्या टोप्या काढून ठेवायच्या, चुकून इंजिन फिरले तर बोटे जातात. पाते आणि वरची पट्टी यांच्यात लाकडाचा ठोकळा अडकवला की पंखा फिरत नाही आणि नट सुटतो. दांड्याला ग्रीस, वायसर होते त्याच क्रमाने, नट घट्ट आणि नवी स्प्लिट पिन. जुनी पिन सरळ करून पुन्हा वापरण्याची आपल्याकडची सवय इथे महागात पडते. ती तुटली की नटापाठोपाठ पंखाही नदीच्या तळाशी.

नऊचा पंखा बसवल्यावर उतरवलेला तेराचा मात्र भंगारात द्यायचा नाही. पाना, दोन स्प्लिट पिना, एक जादा नट आणि लाकडी ठोकळ्यासोबत तो बोटीतल्या पेटीत ठेवायचा आणि पेटीच्या झाकणावर आतून रंगाने लिहायचे: ‘१३ — फक्त चार माणसांपर्यंत’. नऊचा पंखा भर पुरात एखाद्या कठड्यावर मोडला, तर काठावर येऊन पंधरा मिनिटांत तेराचा चढवता येतो. मग एका फेरीत आठाऐवजी दोघेच आणायचे, फेऱ्या वाढवायच्या.